उचलीचा कागद आणि विसरलेला कायदा

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण होऊन त्यांची निर्घृण हत्या झाली, आणि तेव्हापासून बीड जिल्ह्यातील कायदा व सुव्यवस्था हा साऱ्या महाराष्ट्राच्या चिंतेचा विषय होऊन बसला. खंडणी, टोळी, मकोका, दोषारोपपत्र या शब्दांची चर्चा घरोघर झाली. ती आवश्यक होती, आणि तो खटला शेवटास जाईपर्यंत ती शमूही नये. परंतु ज्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा उलटला की लाखोंच्या संख्येने स्त्री-पुरुष बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीसाठी परमुलखात जातात, त्या जिल्ह्यात कायद्याचा भंग केवळ शस्त्रानेच होतो असे नाही. मुद्रांकावर लिहिलेल्या कागदाने, नोटरीच्या शिक्क्याने आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनीही तो होत असतो. आणि गावात, चावडीवर, ठाण्यात कोणालाच त्यात काही वावगे वाटत नसल्यामुळे त्याची फिर्याद सहसा कोठे नोंदली जात नाही. या दुसऱ्या प्रकारच्या भंगाविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांत पाऊसकाळ सरत येतो तसतसे मुकादमांचे गावोगाव फिरणे सुरू होते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, या हिशोबाने टोळी जमविली जाते. जोडीमागे लाखाच्या घरातली, कधी त्याहूनही अधिक रक्कम हंगामापूर्वीच हातावर ठेवली जाते. हीच उचल. या पैशातून मुलीचे लग्न होते, दवाखान्याची उधारी भागते, खरिपाच्या नापिकीचे भगदाड बुजते, आणि मागल्या हंगामाची अंगावर राहिलेली बाकीही बहुधा यातच वळती होते. मग कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर किंवा थेट कर्नाटकातील बेळगाव-बागलकोट या मुलखात, फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून ही माणसे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, राहतात.

उचल देताना जो कागद केला जातो, त्याचा मजकूर एकदा बारकाईने वाचावा. त्यात उसाचा उल्लेख नसतो, कोयत्याचा नसतो, कारखान्याचे नाव तर मुळीच नसते. घरगुती अडचणीकरिता अमुक इतकी रक्कम हातउसनी घेतली आहे, ती तमुक मुदतीत परत करीन, न केल्यास फौजदारी कारवाईस पात्र राहीन, अशा धर्तीची ती कबुलायत असते. सोबत आधार कार्डाची प्रत, आणि बँकेत खाते असेल तर सही केलेला कोरा धनादेश. श्रमाच्या मोबदल्यात दिलेली आगाऊ रक्कम या कागदावर निव्वळ उसनवारी होऊन बसते, आणि पुढे वाद उपस्थित झाला म्हणजे हाच कागद ठाण्यात व कोर्टात रुजू केला जातो. ज्याने त्यावर अंगठा उठविलेला असतो त्याला त्याची प्रत बहुधा मिळालेली नसते.

आता ही रक्कम फिटते कशी, तेही पाहू. तोडणीचा मूळ दर जानेवारी २०२४ मध्ये, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने, ३४ टक्क्यांनी वाढवून टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपये करण्यात आला. धडधाकट जोडीने पहाटेच्या काळोखात फडात उतरून ऊस तोडावा, पाला साळावा, मोळ्या बांधाव्या आणि डोक्यावरून वाहून गाडी भरावी, तेव्हा दिवसाकाठी दीड ते दोन टन माल पडतो. दोन टन धरले तरी दोघांच्या बारा-बारा तासांच्या कष्टाचे ७३२ रुपये होतात. दीडशे दिवस एकही खाडा न होता हे चालले, तर हंगामाअखेर १ लाख ९ हजार ८०० रुपयांचे काम झाले. म्हणजे लाखाची उचल जेमतेम फिटली. परंतु दीडशे दिवस एकही खाडा न करणारे मनुष्यशरीर अद्याप जन्मास आलेले नाही. ताप येतो, पोर आजारी पडते, कारखान्याचे गाळप बंद राहते, अवकाळीने फडात चिखल होतो. आणि कामावर न गेलेल्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर खाड्याचा दंडही अंगावर चढतो. आठवड्याच्या खर्चीचे पैसे वजा जातात ते वेगळेच. अशा रीतीने हंगाम सरतो, बाकी उरते, आणि ती बाकी पुढल्या वर्षीच्या उचलीला जोडली जाऊन तोच माणूस त्याच मुकादमाकडे पुनश्च बांधला जातो.

येथे कायद्याचा जो विपर्यास होतो तो सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे. काम पुरे न करता कोणी निघून गेला की मुकादम किंवा त्याला पैसे पुरविणारा वाहनमालक तो कागद घेऊन ठाण्यात जातो, आणि फसवणुकीच्या गुन्ह्याची भाषा सुरू होते. उलट, टोळीतल्या माणसाला किंवा त्याच्या बायकापोरांना बाकीपोटी डांबून ठेवल्याची तक्रार घेऊन कोणी गेला, तर हा तुमचा देण्याघेण्याचा मामला आहे, आपसांत मिटवा, असे सांगून त्याला वाटेला लावले जाते. जे मुळात दिवाणी आहे त्याला फौजदारीचे रूप येते आणि जे निखालस फौजदारी आहे ते दिवाणी म्हणून दूर सारले जाते. असे करणारा प्रत्येक अंमलदार दुष्ट असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळांना कायदा काय म्हणतो याची कल्पनाच नसते, आणि ज्यांना ती असते त्यांना त्याचा अंमल करण्याची सवय राहिलेली नसते.

हा कायदा म्हणजे वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६. प्रथम वटहुकूम म्हणून निघालेला हा कायदा २५ ऑक्टोबर १९७५ पासून अंमलात आल्याचे मानले जाते, म्हणजे त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. वेठबिगार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायात बेडी घातलेला, मजुरीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या राबणारा गुलाम उभा राहतो, आणि मग बीडचा ऊसतोड कामगार त्या चित्रात बसत नाही म्हणून आपण निश्चिंत होतो. परंतु कायद्याने केलेली व्याख्या त्या चित्राहून फार व्यापक आहे. घेतलेल्या आगाऊ रकमेच्या बदल्यात मनुष्य मजुरीशिवाय वा नाममात्र मजुरीवर राबत असेल, किंवा दुसरे काम पत्करण्याचे स्वातंत्र्य गमावून बसला असेल, किंवा देशात इच्छेनुसार जाण्यायेण्याचा हक्क त्याला उरला नसेल, किंवा आपल्या श्रमाचे फळ बाजारभावाने विकण्याची त्याला मोकळीक नसेल, तर यांपैकी कोणतीही एक गोष्ट वेठबिगारी ठरण्यास पुरेशी आहे. चारही सिद्ध कराव्या लागत नाहीत. मजुरी मिळते हा बचाव म्हणूनच पुरा पडत नाही. उचल फिटेपर्यंत ज्याला फड सोडून जाता येत नाही, तो मजुरी घेत असूनही कायद्याच्या दृष्टीने वेठबिगार असू शकतो. आणि नाममात्र मजुरी म्हणजे काय, हेही कायद्याने संदिग्ध ठेवलेले नाही: शासनाने ठरविलेल्या किमान वेतनाहून कमी ती नाममात्र.

कायद्याने उदाहरणादाखल देशातील निरनिराळ्या प्रांतांतल्या प्रथांची नावे दिली आहेत, त्यांत निजामाच्या हैदराबाद संस्थानात रूढ असलेल्या भगेला पद्धतीचेही नाव आहे. बीड हा त्याच संस्थानाचा भाग होता, तेव्हा हा कायदा कोठल्या दूरदेशीच्या दुःखासाठी झाला असे आपणास म्हणता येणार नाही.

व्याख्येत बसणारे ऋण सिद्ध झाले की पुढे काय होते, हे तर जिल्ह्यातल्या प्रत्येक कोपीत कळावयास हवे. असा करार, मग तो लेखी असो वा तोंडी, निरर्थक ठरतो. ते कर्ज फेडण्याचे दायित्वच नाहीसे होते; त्याच्या वसुलीचा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही; त्यापोटी ओढून नेलेली बैलजोडी वा अन्य चीजवस्तू परत करावी लागते; आणि असे विझलेले कर्ज कोणी वसूल करील तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वेठीस धरून काम करवून घेणाऱ्याला तीच शिक्षा, आणि तसले कर्ज देणाऱ्यालाही तीच. सर्वांत महत्त्वाचे कलम पंधरावे आहे. एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असे कामगाराने किंवा दक्षता समितीने म्हटले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर जाते. हातउसनवारीच्या त्या कागदामागे दडलेले सत्य उघड करण्याची जोखीम निरक्षर माणसाच्या शिरावर राहू नये, एवढी दूरदृष्टी कायदा करणाऱ्यांनी ठेवली होती. कोऱ्या धनादेशाचेही तेच. धनादेश न वटल्याचा गुन्हा होण्यासाठी त्यामागे कायद्याने वसूल होण्याजोगे देणे असावे लागते. जे देणे कायद्यानेच विझविले आहे त्यापोटी घेतलेल्या धनादेशाला तो आधार राहत नाही.

कामगार स्वखुशीने उचल घेतो, त्याच्यावर जबरदस्ती कोणी केली, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिलेले आहे. दिल्लीतील एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी असे प्रतिपादन केले की, घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्ती केवळ दंडुक्याची नव्हे; भुकेने आणि दारिद्र्याने पर्याय खुंटलेल्या माणसाने किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम पत्करणे हीदेखील सक्तीच होय. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, हरियाणातील दगडखाणींच्या संदर्भात, न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असल्याचे दिसून आले की ते आगाऊ रकमेपोटीच घेतले जात आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचे मालकाने दाखवून द्यावे.

प्रत्येक उचल ही वेठबिगारी आहे असा माझा दावा नाही. ज्याला वाजवी मजुरी मिळते, ज्याचा हिशोब त्याच्या हाती असतो आणि ज्याला उरलेली रक्कम पैशाने परत करून हवे तेव्हा निघून जाता येते, त्याची उचल ही आगाऊ मजुरी होय आणि तीत गैर काही नाही. भेद आहे तो सुटकेच्या वाटेत. पैसे परत करण्याची तयारी असूनही माणसाला जाऊ दिले जात नसेल, त्याच्याऐवजी त्याचा भाऊ, बायको वा मूल ठेवून घेतले जात असेल, तर कागदावर काहीही लिहिलेले असो, तेथे कर्जाचा प्रश्न संपतो आणि गुन्ह्याचा सुरू होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कोणाला दहा दिवस वा अधिक काळ डांबून ठेवण्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे राबविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गुलामगिरीसदृश शोषणासाठी माणसे नेणे हा मानवी व्यापार आहे.

आता फसवणुकीचा आरोप घेऊ. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलेले तत्त्व असे की, वचन मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे. पैसे घेतानाच ते बुडविण्याचा अप्रामाणिक हेतू असला पाहिजे. हंगामाचे तीन महिने राबून, आजारपणामुळे वा मारहाणीला कंटाळून निघून गेलेल्या माणसाचा हेतू प्रारंभापासून लबाडीचा होता असे कोणता विवेकी मनुष्य म्हणेल? फौजदारी कारवाईस पात्र राहीन, असे त्याने लिहून दिलेले असते हे खरे. परंतु कोणीही मनुष्य आपल्या सहीने स्वतःला गुन्हेगार ठरवून घेऊ शकत नाही. गुन्हा ठरतो तो विधिमंडळाने केलेल्या कायद्याने.

एके काळी असा कायदा होताही. ब्रिटिश मुलखात १८५९ साली केलेल्या कायद्यान्वये, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येत असे, आणि काम पुरे करण्याचा हुकूम त्याने मोडला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होत असे. व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी झालेला आणि पुढे चहामळ्यांतही वापरला गेलेला तो कायदा त्या परक्या सरकारनेही १९२५ साली रद्द केला, आणि दंडसंहितेतले त्या धर्तीचे कलमही त्याच वर्षी वगळले. शंभर वर्षांपूर्वी पुसली गेलेली ती तरतूद आज कोणत्याही पुस्तकात नसताना ठाण्यांच्या वहिवाटीत जिवंत राहावी, ही गोष्ट स्वतंत्र देशाला भूषणावह नाही.

दुसऱ्या बाजूचे दुःखही मला ठाऊक आहे, आणि ते डावलून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकाच माणसाने दोन-तीन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच मुलखात निघून जाणे, किंवा मुकादमानेच साऱ्या टोळीचे पैसे घेऊन परागंदा होणे, असे प्रकार घडतात. ट्रॅक्टरसाठी जमीन गहाण टाकलेले सांगली-कोल्हापूरकडचे वाहनमालक त्यापायी देशोधडीला लागले आहेत. जेथे आरंभापासूनच बुडविण्याचा बेत होता तेथे फसवणुकीची फिर्याद अवश्य व्हावी, आणि तीत गरीब-श्रीमंत असा भेद नसावा. परंतु हा धोका वाहनमालक आणि कामगार या दोन दुबळ्या घटकांमध्ये येऊन का ठेपतो, याचा विचार केल्याखेरीज या प्रश्नाचे मूळ हाती लागत नाही.

मूळ कारखान्यात आहे. कारखाना वाहनमालकाशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो, वाहनमालक मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला देतो, आणि मुकादमाला तोडणीच्या रकमेवर २० टक्के कमिशन मिळते. या साखळीमुळे कारखान्याचे म्हणणे असे की, कामगार आमचे नव्हेत. तथापि कोणत्या शेतातला ऊस कोणत्या दिवशी तोडावयाचा हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवितो; फडावर चिठ्ठी कारखान्याचा माणूस देतो; वजन कारखान्याच्या काट्यावर होते; दर कारखान्यांच्या संघाबरोबर वाटाघाटी होऊन ठरतो; आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या रकमेतून कारखानाच वजा करतो. ज्याच्या हुकमाने काम चालते, ज्याच्या काट्यावर ते मोजले जाते आणि ज्याच्या उत्पादनासाठी ते होते, तो मालक नव्हे तर कोण? कालिकतच्या एका कारखान्याच्या प्रकरणात १९७८ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हेच सांगितले: मध्ये ठेकेदारांची कितीही आवरणे असोत, ती बाजूला सारून खरा धनी कोण ते न्यायालयाने पाहावे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मुख्य मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही ते कायम आहे. संहिता आल्या म्हणून १९७६ चा वेठबिगारीचा कायदा रद्द झाला, असा गैरसमजही कोणी करून घेऊ नये; तो स्वतंत्रपणे अंमलात आहे.

या साऱ्या व्यवहारात जिचे नाव कोठेच येत नाही, ती कोयत्याचा अर्धा भाग असलेली स्त्री. कागदावर सही नवऱ्याची, उचल त्याच्या हातात, हिशोब त्याच्याशी. ती मात्र पहाटे कोपीतला स्वयंपाक उरकून त्याच्याइतकाच ऊस तोडते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. कर्ज नवऱ्याचे, माझा त्यात काय संबंध, असे म्हणण्याची सोय तिला नाही. परंतु कायद्याने तिची आठवण ठेवली आहे. ऋणकोने स्वतः किंवा कुटुंबातील वा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीमार्फत काम करण्याचे कबूल केले असेल, तर ती व्यक्तीही वेठबिगारच ठरते. आणि मृत नवऱ्याची वा बापाची उचल वारसाहक्काने विधवेच्या वा मुलाच्या अंगावर आली असेल, तर तीही या व्याख्येत येते.

खाड्याच्या दंडाने या स्त्रियांच्या देहावर काय परिणाम केला, हे २०१९ साली जगापुढे आले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४ हजार ६०५ गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, फडात आडोसा नाही, धुण्यास पाणी नाही, दुखणे अंगावर काढावयाचे; आणि अखेर कोणी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो, तेव्हा ती शस्त्रक्रियाही उचलीच्याच पैशातून होते. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. तो योग्यच होता; परंतु त्याने दवाखान्याच्या दारावर पहारा बसला, फडातल्या खाड्यावर नाही. जोडी असल्याखेरीज पुरी उचल मिळत नाही म्हणून मुलामुलींची लग्ने लवकर उरकली जातात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला आढळला, याचा एक धागा याच व्यवहाराशी जाऊन भिडतो.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघाले. गाळप होणाऱ्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तितकेच शासनाने द्यावयाचे ठरले. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे मंजूर झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली वृत्तपत्रातील वृत्तान्तावरून या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. ही सर्व पावले आवश्यक आहेत. परंतु कल्याण आणि हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा बाप बाकीपोटी फडावर अडकून पडला असेल, तर त्या मुलाला वसतिगृहाइतकीच वेठबिगारीच्या कायद्याची गरज आहे.

तो कायदा वापरण्याचा अधिकार आणि कर्तव्य जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असावी, तीत अनुसूचित जाती-जमातींचे आणि समाजकार्य करणारे सदस्य असावेत, मुक्त झालेल्या कामगारावर कोणी दावा लावला तर त्याचा बचावही समितीने करावा, अशी तरतूद आहे. या समित्यांची बैठक दसऱ्यापूर्वी व्हावी आणि पुन्हा पट्टा पडल्यावर व्हावी. उचलीची रक्कम रोखीने नव्हे तर बँकेमार्फत, नवरा आणि बायको यांच्या वेगवेगळ्या खात्यांत, कारखान्याच्या नावानिशी दिली जावी. काट्यावरच्या वजनाची पावती टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला मिळावी. आणि खाड्याच्या दंडाची रूढी शासनाने स्पष्ट हुकूम काढून बंद करावी. पुनर्वसनाच्या केंद्रीय योजनेतही एक मोठी उणीव आहे. मुक्त कामगाराला तातडीने ३० हजारांपर्यंत साहाय्य मिळते, परंतु पुरुषास १ लाख, स्त्रिया व मुलांस २ लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणी ३ लाख ही पुढची रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, आणि तोवर तो कामगार दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन पुन्हा फडावर गेलेला असतो. मुक्ततेचा दाखला मिळताच पूर्ण रक्कम दिली गेली पाहिजे.

पोलिसांपुढे हद्दीची सबब आता उरलेली नाही. माणूस सांगलीत किंवा बेळगावात अडकलेला असला तरी त्याच्या नातेवाइकाची फिर्याद केज किंवा पाटोदा येथील ठाण्याने नोंदवून घेतलीच पाहिजे, असे नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. डांबून ठेवलेल्या माणसाच्या शोधासाठी झडतीचे वॉरंट जिल्हाधिकारी आणि प्रांत हे दोघेही काढू शकतात. आणि तेही झाले नाही तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे त्याला हजर करण्यासाठी दाद मागता येते.

ज्यांच्या घरचे माणूस उचलीपायी कोठे अडकले असेल, त्यांनी साध्या कागदावर त्याचे नाव, मुकादमाचे नाव, ठिकाण आणि कारखाना एवढे लिहून अर्ज तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. वेठबिगारीस बळी पडलेल्या प्रत्येकाला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. ती मदत जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मिळते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मागता येते.